पंधरवड्याला अडकणारा सर्व्हर आणि जावाची आवृत्ती

२०१६ साली मी महाप्याच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होतो. न्हावा शेवा बंदरातून तळोजा, कळंबोली आणि भिवंडीकडे कंटेनर नेणाऱ्या वाहतूकदारांसाठी भाडेआकारणीची प्रणाली आम्ही सांभाळत होतो आणि ती जावा ७ वर, म्हणजे जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सातव्या आवृत्तीवर, चालत होती. महिन्यातून एखाद-दुसऱ्या सकाळी तिचा सर्व्हर संथ होई, प्रोसेसरचा वापर चढत चढत शंभर टक्क्यांना टेके आणि सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की दुपारपर्यंत सगळे विसरलेले असत. लॉगमध्ये एकही एरर नसे.

जावा ८ मार्च २०१४ मध्येच आले होते आणि जावा ७ चे सार्वजनिक अपडेट एप्रिल २०१५ मध्ये थांबले होते. प्रकल्पप्रमुख म्हणाले, "अहो, व्हर्जन बदला आणि मोकळे व्हा. नाहीतरी कधीतरी बदलायचेच आहे." यातले दुसरे वाक्य खरे असल्यामुळे पहिल्याला विरोध करणे अवघड होते. माझी अडचण एवढीच होती, की जो दोष मनात येईल तेव्हा उगवतो तो गेला आहे की नुसता दबला आहे, हे आम्ही कशावरून ठरवणार होतो?

म्हणून मी आधी सर्व्हर रीस्टार्ट केल्याच्या नोंदींची वही उघडली. बहुतेक तारखा १ किंवा १६ होत्या. त्या काळी तेल कंपन्या डिझेलचे दर महिन्याच्या १ आणि १६ तारखेला बदलत (रोजचा बदल जून २०१७ पासून आला), आणि दर बदलला की आमची प्रणाली जुना भाडेतक्ता टाकून नवा रिकामा हॅशमॅप (नावावरून किंमत झटकन शोधून देणारी जावातली रचना) घेई व येणाऱ्या प्रत्येक मागणीसरशी तो भरत जाई.

पुढच्या १६ तारखेला मी साडेनऊपासून सर्व्हरसमोर बसलो. सव्वादहाला प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या 'टॉप' या कमांडमध्ये ६५२३ क्रमांकाचा थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक) प्रोसेसरचा एक अख्खा कोअर खाताना दिसला. कोणता थ्रेड कुठल्या ओळीवर आहे हे दाखवणारे जावाचे 'जेस्टॅक' हे साधन तेव्हा थ्रेडचे क्रमांक हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या अंकांत) छापत असे, त्यामुळे ६५२३ चे १९७बी करून शोधले, तर तो थ्रेड हॅशमॅपमधून दर वाचण्याच्या ओळीवर होता. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिले, तरी तिथेच.

कारण जुनेच आणि जाणकारांना ठाऊक असलेले होते. हॅशमॅप एकाच वेळी अनेक थ्रेडनी बदलण्यासाठी बनवलेला नाही. सुरुवातीला त्यात १६ कप्पे असतात, पाऊण भाग भरल्यावर तो दुप्पट होऊन नोंदी नव्या कप्प्यांत हलवतो, आणि जावा ७ मध्ये या स्थलांतरात कप्प्यातल्या नोंदींच्या साखळीचा क्रम उलटा होत असे. दोन थ्रेड एकाच वेळी स्थलांतर करू लागले, तर साखळीचे टोक तिच्याच मधल्या कडीला जोडले जाऊन वर्तुळ तयार होऊ शकते, आणि मग तिथे नसलेला दर शोधणारा थ्रेड फिरतच राहतो. नव्या पंधरवड्याच्या सकाळी मॅप रिकामा आणि कारकून सगळे एकदम लॉगइन झालेले. दुपटीचे सर्व टप्पे त्याच गर्दीत पार पडत.

जावा ८ मध्ये स्थलांतर क्रम राखून होते, त्यामुळे हे वर्तुळ तसे तयार होत नाही. म्हणजे प्रमुखांचा उपाय लागू पडल्यासारखा दिसला असता. मी दोन थ्रेड एकाच हॅशमॅपमध्ये प्रत्येकी एक लाख वेगवेगळ्या नोंदी घालतील असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जावा ७ वर तो काही वेळा अडकला. जावा ८ वर एकदाही अडकला नाही, पण नोंदींची अखेरची संख्या मात्र दोन लाखांपेक्षा दर वेळी कमी भरली. आमच्या प्रणालीत दर सापडला नाही तर सर्वसाधारण दर लागे, म्हणजे चुकीचे बिल मुकाट्याने छापले गेले असते. ती संख्या दाखवल्यावर प्रमुखांनी स्वतःहून अपग्रेड पुढे ढकलले.

दुरुस्ती दिसायला एका शब्दाची होती: हॅशमॅपच्या जागी, अनेक थ्रेडनी एकाच वेळी बदलण्यासाठीच बनवलेला आणि जावा ५ पासून उपलब्ध असलेला कॉन्करंटहॅशमॅप. पण त्याला नल (म्हणजे काहीच नसलेली) किंमत चालत नाही, आणि चाचणीत काही मार्गांचे दर नलच निघाल्याने ती ओळ लगेच कोसळली. ते मार्ग निस्तरण्यातच दोन दिवस गेले. त्यानंतरच्या सहा बदलतारखा मी तसाच समोर बसून काढल्या आणि सर्व्हर एकदाही अडकला नाही.

मगच आम्ही जावा ८ घेतले, तेही सुरक्षा-अपडेटसाठी. पर्मजेनची (जावा ८ मध्ये काढून टाकलेल्या मेमरीच्या भागाची) मर्यादा सांगणारा जुना पर्याय दुर्लक्षित केल्याचा इशारा आला, तो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी कळंबोलीहून फोन आला, की अहवालात ठिकाणांचा क्रम विस्कटला आहे. तिथे आम्ही हॅशमॅपचा क्रम गृहीत धरून बसलो होतो. नोंदी क्रमाने ठेवणारा ट्रीमॅप घालून तोही त्याच संध्याकाळी दुरुस्त केला.