शनिवारचे तास

दीड महिन्यापूर्वी इथे न्यूझीलंडमध्ये, आमच्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत नव्याने रुजू झालेल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. शनिवार होता. मला माझ्या आजाराची गोष्ट सांगायला बोलावलं आणि मी दीड तास बोलले. झोप उडाली तेव्हा पहिली खूण कोणाच्या लक्षात आली, वॉर्डच्या दाराला आतून कडी नसते तेव्हा रात्र कशी जाते, एका नर्सच्या कुठल्या साध्या वाक्यामुळे मी गोळ्या घ्यायला तयार झाले, सगळं सांगितलं. समोर दोघींचे डोळे भरून आले. शेवटी मॅनेजरने फुलांचा गुच्छ आणि पन्नास डॉलरचं गिफ्ट कार्ड हातात दिलं. मी खूश होऊन वेलिंग्टनजवळच्या पेटोनीला घरी आले.

सोमवारी चहाच्या सुट्टीत आमच्या युनियनच्या डेलिगेटने, म्हणजे प्रतिनिधीने, विचारलं, "शनिवारचे तास टाइमशीटवर लिहिलेस ना?"

मी म्हटलं, "अगं, ते काम थोडंच होतं? मी नुसती बोलले."

"तुझ्यानंतर मानसोपचारतज्ज्ञ बोलले. तेही नुसतेच बोलले. त्यांना गिफ्ट कार्ड मिळालं का?"

मला तिचा रागच आला. इतक्या प्रेमाने दिलेली फुलं घ्यायची आणि वर बिल पाठवायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. शाल-श्रीफळ घेतल्यावर पाकिटात किती आहे हे कोणी स्टेजवर उघडून बघत नाही.

मी पीअर सपोर्ट वर्कर आहे. स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या माणसाने त्याच वाटेवरच्या दुसऱ्याच्या सोबतीला राहायचं, हे माझं काम. इथे आम्ही पेशंट म्हणत नाही. इथल्या मूळ रहिवाशांचा माओरी शब्द आहे, तांगाता फाइओरा, म्हणजे बरं होण्याच्या शोधात असलेला माणूस. पुण्यात नोकरी करताना मी माझ्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून न्यायचे, कोणी विचारलं तर 'कॅल्शियम' सांगायचे. इथे तोच आजार माझ्या अर्जातली सगळ्यात महत्त्वाची ओळ होता. देश का सोडला असं विचारणाऱ्यांना मी काहीबाही कारणं देते, पण खरं कारण ती बाटली आहे.

आणि तरीही, ही कल्पना काही इथलीच नाही. मुक्तांगण १९८६ साली पुण्यात सुरू झालं आणि व्यसनातून बाहेर आलेली कितीतरी माणसं तिथेच कार्यकर्ते म्हणून उभी राहिली. त्यामुळे 'तुमच्याकडे असं काही नसेल ना?' असं कोणी इथे म्हणालं की मी गप्प बसत नाही.

पण त्या रात्री माझ्या डोक्यात एकच शब्द फिरत राहिला, मानधन. माझी आत्या सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. सव्वीस वर्षं झाली. मुलांची वजनं, आहार, गरोदर बायकांच्या नोंदी, लसीकरणाला मुलं गोळा करणं, वर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. ते काम म्हणजे 'सेवा', ती 'सेविका' आणि तिला मिळतं ते 'मानधन'. या शब्दात मान आधी येतो, त्यामुळे धनाबद्दल बोलणारी बाई लोभी वाटायला लागते. आशाताईंच्या तर पदनामातच 'स्वयंसेविका' आहे, म्हणजे हौसेने आलेली. २०१७ च्या संपात आत्या आझाद मैदानात बसली होती. २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालेला संप पन्नासच्या वर दिवस चालला, तेव्हा मी तिला फोनवर म्हणाले होते, "आत्या, आता पुरे, तब्येत सांभाळ." अंगणवाडीतल्या बायकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. हे सगळं मला पाठ होतं आणि तरी माझ्या शनिवारचे तास लिहायला माझा हात धजत नव्हता.

शेवटी लिहिले. मॅनेजरने बोलावलं. डेलिगेट सोबत आली, तिच्या कामाच्या वेळेत, कारण प्रतिनिधी म्हणून बसण्यासाठी तिला वाजवी पगारी वेळ मिळायलाच हवा, असा इथला कायदा आहे. मॅनेजर मनापासून म्हणाली, "गोष्ट सांगणं हा तुझ्या बरं होण्याचाच भाग आहे, असं आम्हाला वाटलं."

मला काय बोलावं सुचेना. डेलिगेटने माझं नेमणूकपत्र टेबलावर ठेवलं आणि एका ओळीवर पेन टेकवलं. 'स्वतःच्या अनुभवाचा हेतुपूर्वक वापर.' कर्तव्यांच्या यादीत, चौथ्या क्रमांकावर. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्या रात्री झोप लागली का, ते सांग." मी सांगितलं. दोन रात्री लागली नव्हती. वॉर्डबद्दल बोलले की मला तो वॉर्ड पुन्हा दिसतो. मॅनेजर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. दीड तास बोलण्याचे, दोन तास तयारीचे आणि नंतर सुपरव्हिजनचा, म्हणजे अनुभवी सहकाऱ्यासोबत त्याबद्दल बोलण्याचा, एक तास, असे साडेचार तास पगारात धरले गेले. गिफ्ट कार्ड परत द्यायला गेले, ते मात्र तिने घेतलं नाही.

मी राहते त्या भागाला कामाच्या तासांसाठी भांडण्याचा इतिहास आहे. १८४० साली इथेच सॅम्युअल पार्नेल या सुताराने आठ तासांहून जास्त काम करायला नकार दिला. हे मला अभिमानाने सांगणाऱ्या डेलिगेटला मी नारायण मेघाजी लोखंडे कोण ते सांगितलं. गिरण्यांना रविवारची सुट्टी १८९० साली त्यांनीच मिळवून दिली. तिने नाव वहीत लिहून घेतलं.

आमच्याच लोअर हटमधल्या क्रिस्टीन बार्टलेट या वृद्धाश्रमात वीस वर्षं काम करून ताशी १४.३२ डॉलर मिळवत होत्या. बायकांचं काम म्हणून ते स्वस्त ठरवलंय, असा दावा त्यांनी युनियनसोबत लावला. त्यातून २०१७ साली समझोता झाला, १ जुलैपासून ताशी दर १९ ते २३.५० डॉलर झाले आणि २०१८ साली तो मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीतल्या सपोर्ट वर्कर्सनाही लागू झाला. माझ्या पगाराचा पाया तिथे आहे.

आता 'तिकडे सगळं नियमाने चालतं' म्हणणाऱ्यांसाठी. मे २०२५ मध्ये इथल्या सरकारने अशाच समान वेतनाच्या दाव्यांचा कायदा तातडीने बदलला. ६ तारखेला विधेयक आलं, ७ तारखेला मंजूर. लोकांची मतं मागवणारी समिती नाही, काही नाही. चालू असलेले ३३ दावे एका फटक्यात रद्द झाले, काळजी आणि आधार देणाऱ्या कामगारांचा दावाही त्यातच गेला. आपल्याकडे मैदानात बसवून ठेवतात, इथे रातोरात दार लावतात. मला दोन्हींची सारखीच चीड येते. खरं सांगायचं तर इथली जरा जास्त, कारण इथून मी जास्त अपेक्षा केली होती.

आत्याला फोनवर सगळं सांगितलं. साडेचार तासांचं ऐकून तिने आधी विचारलं, "वर्गणी भरतेस ना वेळेवर?" मग म्हणाली, "आणि ती पगाराची पावती जपून ठेव. आमच्याकडे जिच्याकडे कागद होते तिचंच काम झालं."

पावती प्रिंट करून फाईलला लावली आहे. येत्या गुरुवारी युनियनची बैठक आहे. दुसऱ्या संस्थांमधले पीअर वर्कर्स येणार आहेत, त्यांतल्या बहुतेकांना अजून गिफ्ट कार्डच मिळतात. डेलिगेट म्हणाली, पाच मिनिटं तू बोल. मी हो म्हटलं.