व्हॅनचा फ्रिज आदल्या संध्याकाळीच लावा

बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला कॅम्पर व्हॅन काढायची असेल, तर गॅस-विजेवर चालणारा फ्रिज आदल्या संध्याकाळीच घरच्या २३० व्होल्टवर सुरू करा. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण आपल्या वजनाने उताराला वाहतं, म्हणून गार व्हायला १०-१२ तास सहज जातात. गाडी तिरकी उभी असेल तर द्रावण मध्येच साचतं, फ्रिज गार होत नाही आणि युनिट कायमचं बिघडू शकतं. तेव्हा फ्रिजच्या तळावर गवंड्याची पाणसळ ठेवून बघा. बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकाखाली फळ्या सरकवा.

दूध, दही घरच्या फ्रिजमध्ये गार करूनच भरा. आत थर्मामीटर हवाच, ५ अंशांखाली आल्याशिवाय काही ठेवू नका. इंजिन बंद करून १२ व्होल्टवर ठेवलात तर बॅटरी उतरलीच समजा. पंपावर शिरण्याआधी गॅस बंद, यात हयगय नको.