कुंडल रोड

रेल्वेच्या पाटीवर गावाच्या नावापुढे ‘रोड’ दिसलं की समजावं, गाव इथे नाही. अक्कलकोट रोड, नाशिक रोड... उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. पुणे-मिरज मार्गावर असंच एक स्टेशन होतं, कुंडल रोड. कुंडल राहिलं लांब. स्टेशनालगत उजाड माळ, निवडुंग आणि साप.

आपल्या बहुतेक गावांना जन्मतारीख नसते. कुठे गाय वारुळावर पान्हा सोडते, कुठे कुणाच्या स्वप्नात देव येतो, आणि वस्ती होते. या माळावरच्या गावाचं साल मात्र पक्कं ठाऊक आहे, १९१०. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातली ही ३२ एकर जमीन त्यांना दिली.

मला कारखान्यापेक्षा तिथे पहिल्यांदा राहायला गेलेली माणसं जास्त भावतात. लक्ष्मणराव स्वतः मुंबईला चित्रकला शिकायला गेलेले, पण रंगच नीट ओळखता येईनात, म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळलेले. शंभोअण्णा जांभेकर इंजिनियर, पण पदवीविना. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले. आणि रात्रीच्या पहाऱ्याला तुकाराम नि पिराजी, दोघेही पूर्वाश्रमीचे दरोडेखोर! लग्नाच्या बैठकीत यातलं एकही स्थळ पसंत पडलं नसतं.

ही मंडळी बनवत होती लोखंडी नांगर, आणि तो कुणाला नको होता. लोखंडानं जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटे. त्यांना हसू नये. नांगर बनवणाऱ्याचा एक नांगर फसला तर तो दुसरा ओततो. शेतकऱ्याचा हंगाम फसला की घर वर्षभर उपाशी. खपायला वेळ लागला, पण नांगर खपले.

१९२० मध्ये तर तिथून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागलं. जिथे उतरून लोक दुसरीकडे जायचे, तिथून मासिक!

पुढे स्टेशनाची पाटी बदलली, ‘किर्लोस्करवाडी’ आली. गाव एवढं नावारूपाला आलं, तरी त्याचं ‘नगर’ करायचं कुणाच्या मनात आलं नाही, वाडी ती वाडीच राहिली. कुंडल आपल्या जागी आहेच. फक्त आता रेल्वेनं तिकडे जायचं तर तिकीट किर्लोस्करवाडीचं काढायचं.