परांड्याची तोफ विजापुरात

रविवारी उजाडताच सोलापूरहून निघालो. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. टाकळीजवळ भीमा ओलांडली आणि ऊन तापायच्या आत विजयपूर गाठलं. आप्पांसाठी ते अजून विजापूरच. गोल घुमटात पोरांनी मनसोक्त हाका मारल्या, पण माझा सगळा जीव शेरझा बुरुजावर अडकला होता.

मलिक-ए-मैदान! १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची तोफ. तोंडाशी जबडा वासलेलं श्वापद, त्याच्या दातांत हत्ती. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत ती होती असं सांगतात. मग परांड्याचा किल्ला, आणि १६३२ मध्ये तिथून इथं. हे धूड त्या काळच्या वाटांनी ओढत आणणाऱ्या माणसांचं, जनावरांचं काय झालं असेल, हाच विचार माझ्या डोक्यातून जाईना.

"आजोबा, मग आपला भुईकोट कुणाचा होता?" धाकटीनं विचारलं.

आप्पा तिथंच सावलीत बसले. म्हणाले, "निजामशाही आणि आदिलशाही, दोघींचा त्याच्यावर डोळा. चांदबीबीच्या लग्नात तो विजापूरला आंदण मिळाला, तरी भांडण मिटलं नाही बघ."

पुढच्या सुट्टीत परांडा, हे पोरांनीच ठरवलंय.