एरो बेटावरचं लग्न आणि पुण्यातले कागद

नवरा ब्राझीलचा, नोकरी बर्लिनला, आणि मी कोथरूडची. जर्मनीत लग्न करायचं तर ‘हिला लग्न करायला कायद्याची आडकाठी नाही’ असा दाखला वधूच्या देशाकडून आणावा लागतो. जर्मनीला चालेल असा दाखला भारत देत नाही, मग तिथल्या वरिष्ठ न्यायालयाकडून सूट मिळवायची आणि वाट बघत बसायचं.

भारतीय दूतावासातही लग्न लागतं, 1969 च्या परदेशी विवाह कायद्याखाली. पण नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाचा तिथे सलग 30 दिवस मुक्काम हवा, नोटिशीनंतर हरकतींसाठी आणखी 30 दिवस, शिवाय तीन साक्षीदार. नव्वद दिवसांचा व्हिसा असलेल्याला हे फार अवघड पडतं. म्हणून आम्ही डेन्मार्क निवडलं, तिथलं एरो बेट.

तिथे कौटुंबिक कायद्याचं सरकारी खातं ऑनलाइन अर्ज तपासून प्रमाणपत्र देतं, ते चार महिने चालतं. त्या चार महिन्यांतच लग्न व्हायला हवं. आईने गुरुजींना विचारून अक्षय्य तृतीया धरली होती, ती हुकली. माझं कळकळीचं सांगणं आहे: प्रमाणपत्र हातात येईपर्यंत मुहूर्त काढू नका, तिकिटं तर मुळीच नाही.

आमचा उशीर माझ्या प्रतिज्ञापत्रामुळे झाला. अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे केलं, त्यावर मुंबईला मंत्रालयातल्या गृह विभागाचा शिक्का घेतला आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणूनचा शिक्का. अपोस्टिलसाठी मंत्रालयाने नेमलेल्या एजन्सीकडेच जावं लागतं. सगळं हाती आल्यावर लक्षात आलं की पासपोर्टवर माझ्या नावापुढे बाबांचं नाव आहे आणि प्रतिज्ञापत्रात फक्त नाव-आडनाव. पहिल्यापासून सगळं परत. तीन आठवडे गेले. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर लिहून घ्या.

जन्मदाखला काढून बघा, आजच. माझा गोदरेजच्या कपाटात लसीकरणाच्या कार्डासोबत जपून ठेवलेला होता. जन्मतारीख, आईवडील, पत्ता, सगळं व्यवस्थित, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा! बारशाआधी नोंद झालेली, पुढे नाव घालायला कुणी गेलंच नाही. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन बाबांनी महापालिकेत नाव घालून घेतलं. डेन्मार्कला हा दाखला नको होता, पण पुढे जर्मनीला हवाच. आणि भारताचं अपोस्टिल जर्मनी मान्य करत नाही, तिथे कागदांची पडताळणी वेगळी होते.

स्वेनबोर्ग बंदरातून फेरीबोटीने सव्वा तासात एरो. मूळ पासपोर्ट आणि कागद आदल्या दिवशी नगरभवनात दाखवायचे. साक्षीदार नसतील तर तेच देतात. आमचे आईबाबा होते. वीस मिनिटांत लग्न लागलं आणि आईने पुण्याहून नेलेल्या अक्षता बाहेर पायऱ्यांवर आमच्या डोक्यावर टाकल्या. तिचे डोळे भरून आले होते, माझेही.

लग्नाचा दाखला पाच भाषांत मिळतो, त्यात इंग्रजी आहेच. भारतात वापरण्यासाठी त्यावर डेन्मार्कच्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घ्या.

या लग्नाने जर्मनीत राहायची परवानगी आपोआप मिळत नाही. मला पुण्याला येऊन कुटुंबासाठीचा व्हिसा मागावा लागला आणि त्याला जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीची, परीक्षा लागली. बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनातला वर्ग लग्नाच्या आधीच लावा. मी लग्नानंतर लावला, म्हणून लग्न होऊनही पाच महिने तो बर्लिनला आणि मी कोथरूडला.