निवड झाली, आता डीसीपी: लघुपट घेऊन महोत्सवाला जाण्याचा माझा अनुभव

निवडीचं पत्र आलं की सगळे स्क्रीनिंगची तारीख बघतात. बघायची असते ती प्रत पोचवायची शेवटची तारीख, आणि ती बरीच आधीची असते. अर्जासोबत दिलेली लिंक फक्त निवड समितीपुरती. थिएटरला डीसीपी लागते, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी प्रत. ती एक फाइल नसते, फोल्डर असतो: चित्र वेगळं, आवाज वेगळा, सोबत त्यांची यादी. आतल्या एखाद्या फाइलचं नाव हौसेने बदललं की यादी जुळत नाही आणि सर्व्हर, म्हणजे थिएटरमधला फिल्म चालवणारा संगणक, फोल्डर घेत नाही.

मी डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरवर प्रत केली. खरी डोकेदुखी फ्रेमरेटची. आमचं शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं, आणि सगळीकडे हमखास चालते ती २४ ची डीसीपी. त्यामुळे १४ मिनिटांची फिल्म १४ मिनिटं ३५ सेकंदांची झाली. आवाजही तेवढाच ताणावा लागतो; पट्टी सांभाळली नाही तर सगळी पात्रं किंचित घोगरी बोलतात. हे आधी ठाऊक असतं तर कॅमेराच २४ वर ठेवला असता.

चित्राच्या चौकटी दोन: फ्लॅट १९९८ × १०८० पिक्सेल आणि जास्त रुंद स्कोप २०४८ × ८५८. साध्या १९२० × १०८० ला फ्लॅटमध्ये दोन्ही कडांना ३९ पिक्सेलची काळी पट्टी येते, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रुंद चित्र वर-खाली काळ्या पट्ट्यांसकट एक्स्पोर्ट केलेलं असेल, तर स्कोपच्या पडद्यावर ते चारी बाजूंनी काळं होऊन मधोमध टपाल तिकिटासारखं दिसतं. पट्ट्या कापा आणि स्कोप करा.

आवाज नुसता स्टिरिओ असला की मधला स्पीकर गप्प राहतो आणि डाव्या टोकाच्या प्रेक्षकाला सगळे संवाद डावीकडून ऐकू येतात. निदान संवाद तरी मधल्या चॅनेलवर आणावेत.

डीसीपीला कुलूप (एन्क्रिप्शन) लावू नका. त्याची किल्ली ठरावीक सर्व्हरला आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते; आयत्या वेळी हॉल बदलला की संपलं. आकाराची काळजी नको. सेकंदाला २५० मेगाबिट या कमाल मर्यादेला धरूनही आमची फिल्म २७ जीबीच्या आसपास भरते. दुसरी प्रत वेगळ्या ड्राइव्हवर, स्वतःच्या पिशवीत.

माझ्या मते अख्ख्या महोत्सवातली सगळ्यात मोलाची वेळ म्हणजे टेक चेकची, शोआधी हॉलमध्ये चित्र आणि आवाज तपासण्याची, दहा मिनिटं. उद्घाटन चुकलं तरी चालेल, हे चुकवू नये. सुरुवातीपासून फिल्म बघत बसायचं नाही. टाइमकोड, म्हणजे फिल्ममधल्या नेमक्या वेळा, लिहून न्यायचे: सगळ्यात काळोखी शॉट, सगळ्यात मोठा आवाज, सगळ्यात हळू बोललेला संवाद, पहिलं सबटायटल. आमचा काळा रंग राखाडी दिसला. एक्स्पोर्ट करताना व्हिडिओ लेव्हल आणि फुल लेव्हल या काळ्या-पांढऱ्याच्या दोन मोजपट्ट्यांची गल्लत झाली होती. रात्रीत प्रत पुन्हा केली. आवाज मागच्या रांगेतून आणि कडेच्या खुर्चीतूनही ऐकावा. मात्र रिकाम्या हॉलमध्ये तो मोठा वाटला म्हणून लगेच कमी करायला सांगू नका, भरलेला हॉल आवाज बराच शोषून घेतो. प्रोजेक्शनिस्टशी नम्रपणे बोला; शोच्या वेळी आवाज कमी-जास्त करणारा फेडर त्यांच्याच हातात असतो.

लघुपट एकापाठोपाठ दाखवतात आणि प्रश्नोत्तरं बहुधा सगळ्यांची एकत्र होतात. वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, त्यात टीमची नावं वाचत बसू नये, ती श्रेयनामावलीत असतात. श्रेयनामावलीही आटोपशीर ठेवा: कानच्या लघुपट स्पर्धेची १५ मिनिटांची आणि ऑस्करची ४० मिनिटांची मर्यादा ती धरूनच मोजतात.

आणि स्क्रीनिंगच्या आनंदात त्याच रात्री फिल्म यूट्यूबवर टाकू नका. पुढच्या महोत्सवाने प्रीमियरची, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवलेली नसावी अशी, अट घातली असेल तर ती तिथेच मोडते.