साठ कप आणि अकरा वेळा ‘मी’

सकाळी दार उघडलं तर खोकी परत आलेली. साठ कप, वर चार ओळींची चिठ्ठी: कपांच्या आत बारीक भेगांचं जाळं दिसतंय, त्यात डाग मुरतात, बदलून द्या.

मी चौदा वर्षं मातीची भांडी घडवते. प्रत्येक भांड्याच्या बुडाला माझी सही कोरलेली असते. चिठ्ठीत ‘कप’ लिहिलं होतं. मी वाचलं, ‘तू’. कान तापले. तिथेच उभ्या उभ्या फोनवर उत्तर लिहायला घेतलं. मी कधी हलकं काम केलेलं नाही, मी रात्र रात्र भट्टीजवळ बसते, मला आजवर कुणी असं बोललेलं नाही, वगैरे.

माझ्याकडे भट्टी सांभाळणाऱ्या मुलीने फोन हातात घेतला, वाचला आणि बोट ठेवून मोजायला लागली. “ताई, यात ‘मी’ अकरा वेळा आहे. ग्लेझ एकदाही नाही.” ग्लेझ म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप.

राग आला. खरं तर तिचाच आला. ती मात्र एक कप काढून त्यात शाई चोळत बसली होती. फडक्याने पुसली, तशा आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषा वर आल्या. दुसऱ्यात तेच, दहाव्यातही तेच.

कारण सापडायला अर्धा तास लागला, आणि ते लाजिरवाणं साधं होतं. दोन महिन्यांपूर्वी माती बदलली होती, ग्लेझ जुनंच ठेवलं. भट्टी निवताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की त्याच्यावर ताण येतो आणि ते तडकतं. यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे ग्लेझमध्ये सिलिका, म्हणजे गारेची पूड, वाढवणं. शंभर भागांवर पाच, दहा, पंधरा भाग घालून चाचणीच्या चकत्या करायच्या, उकळत्या पाण्यातून काढून बर्फाच्या पाण्यात टाकायच्या आणि बघायचं. हे सगळं मला पाठ होतं. पण तक्रार मनाला लावून घेतल्यावर मिश्रणाची वही आठवतेच कुठे!

दुपारी हिशेब बघणारे गृहस्थ आले. साठ कप पुन्हा करायला खर्च किती, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी माती, ग्लेझ, भट्टीची वीज, मुलीचा पगार लिहिला आणि पेन्सिल थांबली. “तुमचे तास?”

“माझे कशाला? ते माझंच काम आहे.”

“तुमच्या जागी दुसरं कुणी ठेवलं तर फुकट करेल?”

त्यांनी तो रकाना भरला, मग गेल्या वर्षाच्या पानावरही तोच आकडा घातला. मी अभिमानाने दाखवायचे तो नफा वजा झाला. तो नफा नव्हताच, माझी न घेतलेली मजुरी होती. घरखर्चासाठी लागेल तसे पैसे गल्ल्यातून काढायचे आणि वहीत ‘उचल’ लिहायचं, ही माझी पद्धत. उचल खर्चात धरत नाहीत, त्यामुळे किमती ठरवताना मी हिशेबात कुठे नव्हतेच. गृहस्थ बोलके. म्हणाले, इंग्लंडमध्ये सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात १८९६ साली ठरलं की कंपनी वेगळी आणि तिचा मालक वेगळा. “पण तुमची एकल मालकी. धंद्याचं कर्ज ते तुमचं कर्ज, कायदा फरक करणार नाही. वहीत तरी तुम्हीच करा.”

संध्याकाळी उत्तर गेलं, तीन ओळींचं: ग्लेझ आणि नवी माती जुळली नाही, दुरुस्ती चालू आहे, चाचणी झाली की नवे कप पाठवतो. ‘आम्ही पाठवतो’, ‘मी पाठवते’ नाही.

दहा भागांची चकती टिकली. कप गेले. पुढच्या महिन्यापासून मी ठरलेला पगार घेते आणि किमती वाढवल्या. दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. त्यातल्या एकीसाठी अजून हळहळते.

परवा त्याच ग्राहकाची नवी मागणी आली. खाली बारीक अक्षरात: ‘कपाचा कान जरा जाड वाटतो.’ मी दहा मिनिटं भट्टीमागे जाऊन बसले. मग येऊन तक्रारवहीत लिहिलं: कान, जाडी.